इंग्लंडमधील छपरावरच्या विजेचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधील घरांवरच्या सौर पॅनेलांविषयी आलेला लेख वाचला. मुलाकडे काही महिने राहून परतलेल्या लेखकाने तिथल्या एका शेजाऱ्याच्या छपराचे वर्णन मोठ्या आपुलकीने केले आहे, आणि ‘त्या ढगाळ देशात उन्हावर कसली वीज निघणार’ हा समज त्यांनी खोडून काढला याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मात्र लेखासोबतच्या चौकटीत ‘पॅनेल बसवले की तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे घरमालकाला पैसे मिळतात, वर्षाला दीड हजार पौंड घरबसल्या हाती येतात आणि बिल शून्यावर येते’ असे जे विधान आहे, ते आज नव्याने पॅनेल बसवणाऱ्या कोणालाही लागू पडत नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-सुना इंग्लंडमध्ये घरे घेत आहेत आणि वडीलधाऱ्यांनी फोनवर दिलेला सल्ला त्या घरांत अजून मानला जातो, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. मी गेली सतरा वर्षे लेस्टरशर परगण्यातील लफबरो या गावात राहते, पेशाने हिशेबनीस आहे, आणि २०२३ मध्ये आमच्या घरावर पॅनेल बसल्यापासून रोजच्या युनिटांची नोंद एका वहीत ठेवत आले आहे.

चौकटीतले वर्णन खोटे नाही, ते जुने आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० पासून ‘फीड-इन टॅरिफ’ नावाची योजना सुरू झाली. तिच्यात छपरावर तयार झालेल्या प्रत्येक युनिटला, मग ते घरात वापरले जावो वा बाहेर जावो, ठरलेला दर मिळत असे. अस्तित्वात असलेल्या घरावर बसवलेल्या ४ किलोवॉटपर्यंतच्या संचाला सुरुवातीचा दर ४१.३ पेन्स होता, तो महागाईच्या निर्देशांकानुसार दरवर्षी वाढणार होता आणि पंचवीस वर्षे मिळणार होता. याखेरीज तयार झालेल्या विजेपैकी निम्मी बाहेर गेली असे मोजमाप न करताच धरून तिचेही वेगळे पैसे दिले जात. इतका उदार दर टिकणे अवघडच होते. पॅनेलांच्या किमती झपाट्याने उतरल्या, अर्जांची रीघ लागली आणि सरकारने २०११ च्या अखेरीस दर निम्म्यावर आणण्याचा निर्णय इतक्या घाईने लागू केला की प्रकरण न्यायालयात गेले आणि तिथे सरकार हरले. तरीही मार्च २०१२ पासून बसलेल्या घरगुती संचांना २१ पेन्सच मिळू लागले. पुढे दर उतरतच गेले आणि ३१ मार्च २०१९ रोजी ही योजना नव्या अर्जदारांसाठी कायमची बंद झाली.

आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी २०११ च्या शरद ऋतूत पॅनेल बसवले होते. त्या वेळी त्यांना तीन किलोवॉटच्या आतल्या संचासाठी बारा हजारांच्या आसपास पौंड मोजावे लागले, आणि गल्लीतल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढले होते, हे ते स्वतःच मिस्कीलपणे सांगतात. त्यांचा दर महागाईबरोबर चढत चढत आता ७० पेन्सच्या वर गेला आहे, म्हणजे दुकानातून घ्यावी तशी वीज कंपनीकडून आपण जी वीज घेतो, तिच्या अडीचपट किंवा त्याहूनही जास्त. त्यांच्या छपरावर वर्षाला जेमतेम २,४०० युनिट तयार होतात आणि तरीही सतराशेच्या वर पौंड त्यांच्या खात्यात येतात. आपल्या लेखकांनी पाहिलेले छप्पर बहुधा याच पिढीतले असावे. त्या शेजाऱ्याला पॅनेल केव्हा बसवले एवढा एक प्रश्न विचारला गेला असता, तर चौकटीतला मजकूर वेगळा झाला असता.

आज नव्याने पॅनेल बसवणाऱ्याला ‘स्मार्ट एक्स्पोर्ट गॅरंटी’ ही तरतूद लागू होते. ती १ जानेवारी २०२० पासून अमलात आली; मधले नऊ महिने तर नव्या माणसाच्या जादा विजेचे पैसे देण्याचे बंधन कोणावरच नव्हते. हिच्यात तयार झालेल्या विजेचे पैसे मिळत नाहीत, घरात वापरून उरलेली जी वीज प्रत्यक्ष बाहेर जाते, तिचेच मिळतात, आणि ती दर अर्ध्या तासाने मोजणारा मीटर घरात असावा लागतो. दीड लाख किंवा त्याहून अधिक ग्राहक असलेल्या प्रत्येक वीज विक्रेत्याने काहीतरी दर दिलाच पाहिजे असा नियम आहे, परंतु दर किती, याबाबत नियमाचे म्हणणे एवढेच की तो शून्याहून अधिक असावा. त्यामुळे एक कंपनी युनिटला ४ पेन्स देते तर दुसरी १५, आणि ज्या कंपनीकडून वीज विकत घेतो तिलाच उरलेली वीज विकली पाहिजे असे बंधन नसूनही बहुसंख्य लोक, आमच्यासारखेच, पहिले काही महिने आळसाने जुन्याच कंपनीच्या ४ पेन्सांवर समाधान मानतात.

आता उन्हाबद्दल. लफबरो साधारण ५२.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या मध्यात इथे दिवस जवळजवळ सतरा तासांचा असतो आणि दुपारी सूर्य क्षितिजापासून ६० अंशांवर येतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच दिवस पावणेआठ तासांचाही भरत नाही आणि भर दुपारी सूर्य १४ अंशांच्या वर चढत नाही, म्हणजे सपाट जमिनीवर रोवलेल्या एक मीटरच्या काठीची सावली बारा वाजता चार मीटर पडते. इथल्या घरांना धुराडी असतात, आमच्याही आहे. ज्या धुराड्याची सावली जूनमध्ये शोधावी लागते, ते डिसेंबरमध्ये दोन पॅनेलांवरून सकाळभर हात फिरवत असते. ढगांचे मात्र तितकेसे वाईट नाही. इथे वर्षभरात मिळणाऱ्या सूर्यप्रकाशाचा निम्म्याच्या आसपास भाग ढगांतून आणि आकाशातून पसरून येणारा असतो आणि त्यावरही पॅनेल काम करते, हळू करते इतकेच. शिवाय पॅनेलाला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. ते तापले की दर अंशामागे त्याची क्षमता टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास घटते. म्हणून आमच्या वहीतली सर्वांत मोठी आकडेवारी जुलैच्या उकाड्यातली नसून मे महिन्यातल्या एका थंड, वाऱ्याच्या, लख्ख दिवसाची आहे. त्या दिवशी २८ युनिट झाले. डिसेंबरात एका धुक्याच्या दिवशी ०.४ झाले होते. तेवढ्यावर चहाच्या किटलीत चारपाच वेळा पाणी उकळले असते.

वर्षाच्या एकूण आकड्यात ही तफावत दिसत नाही, आणि विक्रेते वर्षाचाच आकडा सांगतात. आमचे छप्पर नैऋत्येला उतरते, त्यावर ४३० वॉटचे दहा पॅनेल आहेत, आणि २०२४ या पूर्ण वर्षात त्यांनी ३,६०० युनिट दिले. इंग्लंडमधील मध्यम घराचा वार्षिक वापर २,७०० युनिटांच्या आसपास धरला जातो, तेव्हा कागदावर आम्ही वापरतो त्याहून अधिक वीज निर्माण करतो. परंतु जूनमध्ये पाचशेच्या वर युनिट झाले आणि डिसेंबरमध्ये ८५. शिवाय दिवसाच्या आतही तोच घोळ आहे: वीज तयार होते अकरा ते चार या वेळेत, जेव्हा आम्ही दोघे कामावर आणि मुले शाळेत असतात, आणि लागते ती सकाळी सातला व संध्याकाळी सहानंतर, जेव्हा स्वयंपाक, दिवे, मुलांचे टीव्ही आणि धुण्याची रास सगळे एकदम सुरू होते. धुण्याचे यंत्र आणि भांडी धुण्याचे यंत्र दुपारी बाराला आपोआप सुरू होईल असे लावून ठेवले, एकानंतर एक, दोन्ही एकदम नाही, आणि आठवड्यातून दोन दिवस मी घरून काम करते, एवढी शिस्त पाळूनही ३,६०० पैकी १,३७० युनिटच आम्ही स्वतः वापरू शकलो. हे प्रमाण ३८ टक्के पडते. बाकीचे २,२३० युनिट बाहेर गेले.

आता पैशांत मांडते. वापरलेल्या युनिटमागे विकत घ्यायच्या विजेचे सुमारे २५ पेन्स वाचले, ते झाले ३४२ पौंड. बाहेर गेलेल्या विजेला १५ पेन्स दराने ३३५ पौंड मिळाले. एकंदर ६७७. पॅनेल, इन्व्हर्टर, परांची आणि मजुरी मिळून आम्ही साडेसहा हजार पौंड दिले होते, म्हणजे भांडवल सुटायला साडेनऊ वर्षे लागतील. बाहेरच्या विजेला ४ पेन्सच घेत राहिलो असतो तर हाच काळ पंधरा वर्षांवर गेला असता. पॅनेल पंचवीस वर्षे चालावेत अशी अपेक्षा असते, इन्व्हर्टर मात्र मध्येच एकदा बदलावा लागेल असे धरून चालावे. हा व्यवहार तोट्याचा नाही आणि आम्हाला त्याचा पश्चात्तापही नाही. मात्र चौकटीतल्या दीड हजारांशी त्याचे काही नाते नाही.

आमच्या दारी २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या एका विक्रेत्याने याच छपरासाठी जो कागद दिला होता, तो मी वहीत चिकटवून ठेवला आहे. त्याने वर्षाला ४,००० युनिट धरले होते, कारण धुराड्याची सावली त्याने हिशेबात घेतलीच नव्हती. त्यातले ७५ टक्के आम्ही घरातच वापरू असे धरले होते, आणि दर ३४ पेन्स लावला होता, जो युक्रेन युद्धानंतरच्या भडक्यात त्या हिवाळ्यात खरोखरच होता आणि त्याच वर्षी उतरू लागला. या तिन्ही गोष्टी गुणल्या की वर्षाला १,०२० पौंड होतात. त्यावर वीज दरवर्षी महागतच जाणार असे धरून त्याने परतफेड पाच वर्षांच्या आसपास आणून ठेवली होती. त्यातला एकही आकडा उघड खोटा म्हणता येत नाही, प्रत्येक फक्त आपल्या बाजूला थोडा ओढलेला आहे. आयुष्यभर ताळेबंद तपासल्यामुळे मला तो कागद वाचता आला. नुकतेच घर घेतलेल्या, कर्जाच्या हप्त्याने आधीच वाकलेल्या तरुण जोडप्याला तो वाचता येईलच असे नाही. घरी येऊन केलेल्या अशा कराराला सही केल्यावरही साधारणपणे चौदा दिवसांत तो रद्द करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, हे तरी त्यांना ठाऊक असावे.

बिल शून्यावर येण्याबाबत. इथल्या बिलात युनिटांखेरीज रोजचा स्थिर आकार असतो, विजेसाठी तो दिवसाला ५० ते ६० पेन्सांच्या घरात आहे, आणि छपरावर काहीही बसवले तरी तो सुटत नाही. शिवाय इंग्लंडमधल्या बहुसंख्य घरांची खरी ऊर्जा गॅसमध्ये जाते. मध्यम घराला वर्षाला साडेअकरा हजार युनिटांइतका गॅस लागतो, त्याने घर तापते आणि नळाला गरम पाणी येते, आणि तो लागतो नेमका त्या महिन्यांत, जेव्हा पॅनेल झोपलेले असतात. पॅनेलांनी गॅसचे बिल हलत नाही. यावर उपाय म्हणून जादा वीज पाण्याच्या टाकीतल्या हीटरकडे वळवणारे एक यंत्र हमखास सुचवले जाते. आमच्यासारख्या ज्या घरांत टाकीच नाही, बॉयलर लागेल तसे पाणी तापवतो, तिथे त्याचा प्रश्नच येत नाही. पण टाकी असली तरी युनिटमागे सहा-सात पेन्सांचा गॅस वाचवण्यासाठी पंधरा पेन्सांना विकता येणारी वीज पाण्यात घालणे हा कुठला हिशेब? बाहेरचा दर चारच पेन्स मिळत असेल तर मात्र ते यंत्र योग्य ठरते. म्हणजे आधी दर, मग यंत्र.

इथे एका शब्दाबद्दल सांगितले पाहिजे, कारण माझ्या सासूबाईंचाच त्यावर गैरसमज झाला होता. आपल्याकडे ‘इन्व्हर्टर’ म्हटले की वीज गेल्यावर दिवे-पंखे चालू ठेवणारी बॅटरीची पेटी डोळ्यांसमोर येते. इथल्या छपराचा इन्व्हर्टर पॅनेलांमधला एकदिश प्रवाह घराच्या प्रत्यावर्ती प्रवाहात बदलतो, एवढेच त्याचे काम, आणि रस्त्यावरची वीज गेली की तो त्याच क्षणी स्वतःला बंद करतो. तारेवर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आमच्या छपरावरून धक्का बसू नये म्हणून तसा नियमच आहे. गेल्या हिवाळ्यात एका वादळानंतर दुपारी दोन तास वीज नव्हती, बाहेर ऊन पडले होते, छपरावर दहा पॅनेल होते, आणि आम्ही मेणबत्ती शोधत होतो. वीज गेल्यावरही घर चालावे असे वाटत असेल तर त्यासाठी खास जोडणी असलेला वेगळा संच मागावा लागतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

बॅटरीचा विषय याच्याशीच जोडलेला आहे. दुपारची वीज साठवून संध्याकाळी वापरावी ही कल्पना पटण्यासारखी आहे, पण जी वीज १५ पेन्सांना विकता येते ती साठवून २५ पेन्सांची वीज वाचवली तर फायदा युनिटमागे दहा पेन्सांचाच होतो, आणि साठवताना-काढताना होणारी घट त्यातूनच वजा जाते. आमच्या वहीप्रमाणे पाच युनिटांच्या बॅटरीतून वर्षाला फार तर हजारभर युनिट असे फिरले असते, म्हणजे शंभर पौंड. बॅटरीची किंमत आम्हाला तीन हजार सांगितली होती. ज्यांच्याकडे विजेची मोटार आहे आणि मध्यरात्रीनंतर अगदी स्वस्त दराने वीज देणारी योजना ज्यांनी घेतली आहे, त्यांचा हिशेब निराळा, कारण ते हिवाळ्यातही रात्री बॅटरी भरून दिवसा वापरू शकतात. आम्ही ती घेतली नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे, बॅटरी पोटमाळ्यावर ‘कोणाच्या पायात येणार नाही अशी’ बसवून देतो, असे आम्हाला दोन जणांनी सांगितले. ब्रिटिश मानक संस्थेने मार्च २०२४ मध्ये घरगुती बॅटरींच्या अग्निसुरक्षेसंबंधी जी मार्गदर्शक प्रत काढली, तिच्यात पोटमाळा ही बॅटरीसाठी अयोग्य जागा ठरवली आहे, आणि घरातून बाहेर पडायच्या वाटेवरचा जिनाही. कोणी अजूनही माळ्याकडे बोट दाखवत असेल तर त्याला दारातूनच निरोप द्यावा.

प्रत्यक्ष काम दोन दिवसांचे असते, परांची उभारण्याचा आदला दिवस सोडून. आमचे घर १९३० च्या दशकातले, दोन घरे एका भिंतीने जोडलेली असतात तसे, आणि त्यावर लहान लाल मातीची कौले आहेत. पॅनेल कौलांवर टेकत नाही. आधी ठरावीक जागची कौले उचलून खालच्या वाशाला पोलादी आकडा स्क्रूने घट्ट करतात, कौल परत खाली बसवतात, आकड्याचे टोक दोन कौलांच्या मधून बाहेर येते, आणि अशा आकड्यांवर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या टाकून त्यांवर पॅनेल चढतात. यातली मेख अशी की आकड्याला जागा व्हावी म्हणून वरच्या कौलाच्या पोटाला खाच घासावी लागते. ती घासली नाही तर कौल किंचित वर उचललेले राहते, आणि आडव्या वाऱ्याचा पाऊस नेमका त्याच फटीतून आत शिरतो. आमच्याकडे आलेल्या दोघांपैकी एक जण प्रत्येक कौल हातात घेऊन शांतपणे खाच पाडत होता, पन्हळीत लाल भुकटी साचत होती. दुसरा घाईत होता. दुपारी ते जेवायला गेल्यावर मी टॉर्च घेऊन पोटमाळ्यात गेले तेव्हा एका ठिकाणी स्क्रूचे टोक वाशाला चुकवून बाजूने खाली आलेले दिसले. म्हणजे तो आकडा, आणि त्यावर येणारे वीस-बावीस किलोंचे पॅनेल, नुसत्या पातळ पट्टीच्या आधारावर लटकणार होते. कामाचे पैसे घेणाऱ्या संस्थेला फोटो पाठवला, तिने कुरकुर न करता तो आकडा त्याच संध्याकाळी काढून परत बसवला. परांची उतरल्यानंतर हे लक्षात आले असते तर पुढची पाच वर्षे तरी कोणाला कळले नसते.

परांचीवरून आठवले. पॅनेल आणि कौले यांच्यातली दहा-बारा सेंटिमीटरची पोकळी कबुतरांना फार आवडते. कोरडी, उबदार, मांजर पोहोचत नाही अशी. आम्हाला कोणीही सांगितले नाही की पॅनेल बसवतानाच कडेने जाळी लावून घ्या, आणि दुसऱ्या वसंतात पहाटे पाचला शयनगृहाच्या डोक्यावर घुमणे सुरू झाले, पन्हळ काड्यांनी तुंबली. जाळीची किंमत विशेष नव्हती. ती लावायला पुन्हा परांची उभारावी लागली, तिचे पैसे जाळीच्या कितीतरी पट झाले. माझ्या वहीत हा खर्च ‘कबुतरे’ या खात्यावर आहे आणि वर काढलेल्या साडेनऊ वर्षांत तो धरलेला नाही.

परवानगीच्या बाबतीत इंग्लंडचे नियम समजतात त्यापेक्षा सोपे आहेत. साध्या घराच्या उतरत्या छपरावर पॅनेल बसवायला बहुधा नगरपरिषदेची बांधकाम परवानगी लागत नाही. ते छपराच्या पृष्ठापासून २० सेंटिमीटरहून अधिक उचललेले नसावेत आणि धुराडे सोडून छपराचा जो सर्वांत उंच भाग, त्याच्या वर जाऊ नयेत, एवढे पाळावे लागते. वारसा यादीतल्या इमारतींना स्वतंत्र संमती लागते. सदनिका असेल तर मात्र छप्पर बहुतेक वेळा तुमचे नसतेच, जमीनमालकाची लेखी संमती लागते, आणि लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या बहुतेक तरुण मंडळींसाठी हा विषय इथेच संपतो. विजेच्या बाजूने, इन्व्हर्टर १६ अँपियरच्या आतला, म्हणजे २३० व्होल्टला ३.६८ किलोवॉटपर्यंतचा असेल, तर आधी बसवून नंतर २८ दिवसांत स्थानिक वितरण कंपनीला कळवले तरी चालते. त्याहून मोठा असेल तर आधी मंजुरी घ्यावी लागते. म्हणूनच आमच्या ४.३ किलोवॉटच्या पॅनेलांना ३.६८ चाच इन्व्हर्टर आहे, आणि वर्षातून मोजक्या दुपारी सोडल्या तर त्याची कमतरता जाणवत नाही. बसवणारा ‘एमसीएस’ या, छोट्या अक्षय ऊर्जा संचांच्या कामाचा दर्जा दाखवणाऱ्या प्रमाणपत्राचा धारक असणे मात्र कायद्याने नव्हे तरी व्यवहाराने आवश्यक आहे, कारण ते नसेल तर बाहेर जाणाऱ्या विजेचे पैसे देताना बहुतेक कंपन्या खळखळ करतात. सरकारी मदत म्हणायची तर सर्वसाधारण घराला ती एवढीच, की एप्रिल २०२२ पासून या कामावर व्हॅट शून्य आहे आणि ही सवलत ३१ मार्च २०२७ पर्यंत आहे. ‘सरकारकडून मोफत सोलर’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर फिरतात. मर्यादित उत्पन्नाच्या घरांसाठी वेगळ्या योजना असतात, पण त्या जाहिरातींतून आमच्याकडे आलेले दोन्ही फोन शेवटी कर्जाच्या अर्जापाशी पोहोचले.

जुने घर विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना आवर्जून. फीड-इन टॅरिफच्या सुरुवातीच्या दोन वर्षांत काही संस्थांनी लोकांना पॅनेल फुकट बसवून दिले, त्याबदल्यात छप्पर पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले आणि योजनेचे पैसे स्वतःकडे ठेवले. घरमालकाला दिवसाची वीज मिळे, बस्स. अशी घरे आज विक्रीला येतात, दलालाच्या पत्रकावर ‘सौर पॅनेलसहित’ असे ठळक छापलेले असते, आणि छप्पर दुसऱ्याच्या नावे पट्ट्याने गेलेले आहे हे वकिलाच्या कागदांत दुसऱ्या महिन्यात समजते. काही बँका अशा घराला कर्ज देताना अडून बसतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे घर याच कारणाने हातचे गेले. उलट पॅनेल मालकीचे असतील आणि जुन्या योजनेत असतील तर उरलेल्या वर्षांचे पैसे नव्या मालकाला मिळू शकतात, पण ते आपोआप येत नाहीत, नाव बदलून घ्यावे लागते.

लफबरोहून उत्तरेला काही मैलांवर, आमच्याच सोर नदीच्या काठी, रॅटक्लिफ-ऑन-सोर हे कोळशाचे वीज केंद्र होते. आठ शीतकरण मनोऱ्यांच्या त्या केंद्राची वाफ दिसली की मुले ‘घर आले’ म्हणत. ब्रिटनमधले कोळशावरचे ते शेवटचे केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. त्या दिवशी माझ्या वहीत ४ युनिट आहेत. छपरावरची वीज आणि केंद्र बंद होणे यांची सांगड घालण्याचा मोह अनेकांना होतो, लेखकांनाही झाला आहे. पण छपरांनी ते केंद्र बंद पाडले असे म्हणणे हे वाऱ्याच्या आणि गॅसच्या वाट्याचे श्रेय आमच्या कौलांना देण्यासारखे होईल.

तेव्हा आपणास विनंती अशी, की येत्या रविवारी त्याच जागी एक छोटा खुलासा छापावा: चौकटीत वर्णन केलेली योजना ३१ मार्च २०१९ रोजी नव्या घरांसाठी बंद झाली असून, आता केवळ बाहेर गेलेल्या विजेचे पैसे मिळतात आणि त्यांचा दर कंपनीगणिक वेगळा असतो. लेखकांना माझ्या वहीची पाने हवी असल्यास पाठवीन. डिसेंबरची पाने आधी पाठवीन.

आपली,
एक वाचक,
लफबरो, लेस्टरशर, इंग्लंड